जुन्या मोटारीचा भाव वाढला. मेस्त्रीचा कधी वाढणार?

नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेच्या दिवशी गाड्यांची रीघ लागते. एसटी, ट्रॅव्हल्स, जीपगाड्या आणि नव्या कोऱ्या मोटारी. त्या गर्दीत एखादी जुनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर, पत्रा सरळ, रंग चकचकीत, बंपर आरशासारखा, अशी येऊन उभी राहिली की लोक भोवती जमतात. पोरे फोटो काढतात. वयस्क माणसे आपल्या तरुणपणीच्या प्रवासाच्या गोष्टी सांगू लागतात. गाडी कितीला घेतली, पेट्रोल किती खाते, हे मालकाला विचारले जाते. ती कोणाच्या हाताने उभी राहिली, हे मात्र कोणी विचारत नाही. व्यापार-उद्योगाच्या या पानावर आज आम्ही नेमका तोच प्रश्न मांडणार आहोत.

कुरुंदवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी, मिरज, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात मोटारदुरुस्ती, टिंकरकाम, रंगकाम, कुशन, रेडिएटर, बॅटरी, वेल्डिंग या धंद्यांत आपले पुष्कळ बांधव आहेत. जुन्या गाड्यांचा शौक आता वाढतो आहे आणि कायद्यानेही त्याला स्वतंत्र जागा दिली आहे. या शौकातून जो पैसा फिरतो त्यातला मोठा वाटा खरेदी-विक्री करणाऱ्यांकडे जातो आणि ज्याच्या हातात खरा हुनर आहे तो दिवसाच्या मजुरीवर राहतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, कारागिराने आपले नाव, आपले काम आणि आपला हिशेब कागदावर आणल्याशिवाय ही स्थिती बदलणार नाही.

या गाड्या आल्या कोठून?

मोटार हा धंदा आपल्या मुलखाला नवा नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाउथ आणि डीसोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे तेथूनच फियाट आणि मग प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बॅसॅडर १९५७ च्या सुमारास बाजारात आणली आणि मे २०१४ पर्यंत ती बनत राहिली.

जीपगाडीची हकीकत तर आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. १९४५ मध्ये जी पेढी सुरू झाली तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद असे होते. त्यातील मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलिस जीप आपल्याकडे जोडून विकली ती याच पेढीने. भागीदार गेला आणि पाटीवरचे नावही गेले. आज जीप पाहून ते नाव कोणाला आठवत नाही. पाटीवर नाव असणे आणि नसणे यात किती अंतर आहे, हे यावरून समजावे.

कोल्हापूरला संस्थानी काळापासून मोटारींचा शौक आहे. राजघराण्याची १९३० च्या दशकातील जर्मन बनावटीची मेबॅक गाडी दसऱ्याच्या सोहळ्यात निघते आणि ती पाहण्यासाठी लोक गर्दी करतात. इतकी जुनी गाडी आपोआप चालत नाही. दर पिढीत कोणीतरी तिचे इंजिन खोलले, कोणीतरी गादी शिवली, कोणीतरी पत्रा ठोकला, म्हणून ती चालते.

अमेरिकेच्या रस्त्यावर कोणाचे पोट भरले?

जुन्या मोटारींचा विषय निघाला की अमेरिकेचे नाव येतेच. दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षे हा तेथील मोटारप्रवासाचा सोनेरी काळ समजला जातो. पेट्रोल स्वस्त होते, पगार वाढत होते, कुटुंबे मोटारीत बसून हजारो मैल भटकत होती. १९५५ ते १९५७ ची शेव्हरोले बेल एअर, १९५९ ची माशाच्या पंखांसारखे शेपटाचे पत्रे असलेली कॅडिलॅक, १९६४ ची फोर्ड मस्टँग या त्या काळातल्या गाड्या. शिकागोपासून कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकापर्यंत जाणारा रूट ६६ हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला रस्ता. तो १९२६ मध्ये ठरवला गेला. लांबी सुमारे ३,९४० किलोमीटर.

या रस्त्याची चित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत. परंतु व्यापाऱ्याने चित्राबरोबर हिशेबही पाहावा. हा रस्ता लहान माणसांच्या धंद्यावर उभा होता. दर गावात एखादे गॅरेज, एक पेट्रोलपंप, एक खाणावळ, एक मोटेल. गाडी बिघडली की मेकॅनिकला काम, मुक्काम पडला की मोटेलवाल्याला भाडे, भूक लागली की खाणावळीला गिऱ्हाईक. मोठ्या कंपन्यांनी गाड्या विकल्या. रस्ता चालता ठेवला तो गावोगावच्या कारागिराने.

हा काळ सर्वांसाठी सोनेरी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. काळ्या अमेरिकन प्रवाशाला कित्येक गावांत खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे, काही ठिकाणी पेट्रोलही नाकारले जाई. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते गॅरेज, कोणता न्हावी, कोणता शिंपी काळ्या प्रवाशाला इज्जतीने वागवतो, त्याची ती यादी होती. ग्रीन बुक या नावाने ती १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतील भेदभाव बेकायदा ठरला, तेव्हा तिची गरज संपत गेली. एका पोस्टमनने नुसती नावे-पत्ते गोळा केले. त्यातून प्रवाशाची सोय झाली आणि लहान धंदेवाल्याला गिऱ्हाईक मिळाले.

मग रस्ता बदलला. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत नवे रुंद महामार्ग बांधायला सुरुवात झाली. ते गावांना वळसा घालून गेले. ॲरिझोना राज्यातील सेलिगमन या लहान गावाला नव्या महामार्गाने १९७८ मध्ये बाजूला टाकले, तेव्हा गावातली वर्दळ पाहता पाहता आटली. १९८५ मध्ये रूट ६६ हे नावच सरकारी यादीतून काढले गेले. गॅरेजे बंद पडली, मोटेले ओस पडली. त्या गावात अँजेल डेलगाडिलो नावाचा न्हावी होता. त्याने हातावर हात ठेवले नाहीत. १९८७ मध्ये गावकऱ्यांना घेऊन त्याने संघटना उभी केली आणि जुन्या रस्त्याला ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्यता मिळवण्यासाठी सरकारच्या मागे लागला. राज्य सरकारने ती मान्यता दिली. आज तो रस्ता आणि जुन्या गाड्या पाहण्यासाठी जगभरातून लोक तेथे येतात. ज्याने हे घडवले त्याच्या हातात वस्तरा होता, गाठीला मोठे भांडवल नव्हते.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची. अमेरिकेतील मोटेलांचा फार मोठा हिस्सा आज मूळच्या गुजराती कुटुंबांच्या मालकीचा आहे. इतरांना नकोशी झालेली लहान मोटेले त्यांनी घेतली, कुटुंबासह तेथेच राहिले, नोकर न ठेवता घरच्यांनी कामे केली आणि धंदा वर आणला. दुसऱ्याने टाकलेल्या मालात किंमत ओळखणे हेच खरे व्यापाऱ्याचे काम.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे आता जुन्या वाहनांचे दोन वेगळे रस्ते झाले आहेत. पहिला भंगाराचा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन भंगार धोरण जाहीर केले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० करण्यात आली. साहजिकच अनेक मालक जुनी गाडी काढून टाकत आहेत. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची गाडी रस्त्यावरून उतरली.

दुसरा रस्ता जतनाचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जी धंद्यासाठी वापरात नाही, तिला या नियमांखाली नोंदता येते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, फेरनोंदणी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. वाडीला येणाऱ्या भाविकांना व्हीए नंबरच्या गाडीतून भाड्याने फिरवण्याचा बेत कोणाच्या मनात असेल तर त्याने तो आताच सोडावा. ते नियमात बसत नाही.

परंतु या नियमांत कारागिराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची अट वेगळीच आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. क्युबा देशात अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे १९६० नंतर नवी अमेरिकन गाडी आली नाही, सुटे भागही आले नाहीत. तेथील मेस्त्रींनी १९५० च्या दशकातील शेव्हरोले आणि फोर्ड गाड्या हाताने भाग बनवून, प्रसंगी दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसवून चालत्या ठेवल्या. त्यांच्या हुनराला सलाम. आपल्याकडचा मेस्त्रीही याच तालमीत तयार झाला आहे. जे मिळेल ते बसवायचे आणि गिऱ्हाइकाची गाडी संध्याकाळपर्यंत चालू करून द्यायची. टॅक्सीसाठी ही रीत योग्य होती. व्हिंटेज गाडीसाठी ती घातक आहे. तेथे मूळ कार्बोरेटर दुरुस्त करणारा हवा, काढून टाकणारा नको. पुट्टी थापून खड्डा बुजवणारा नको, हातोडी आणि डॉलीवर पत्र्याची गोलाई परत आणणारा हवा. अशी माणसे आता मोजकी उरली आहेत आणि त्यांतली बरीच वयस्क आहेत.

मिरजेचा धडा

नृसिंहवाडीपासून थोड्याच अंतरावर मिरज आहे. तेथील सितार आणि तानपुरे देशभर नावाजलेले आहेत. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात संस्थाने दुबळी झाली, शस्त्रांचे काम कमी झाले, तेव्हा या घराण्यांनी आपला हात तंतुवाद्यांकडे वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दीडशे वर्षांहून अधिक काळ हुनर हातात होताच. नाव सरकारी दप्तरी लागले ते संघटित होऊन अर्ज केला तेव्हा. जून २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता फॅशन शोमध्ये दाखवली, तेव्हा जाब विचारता आला याचे एक कारण हेच, की कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच असे मानांकन मिळालेले होते.

मोटार मेस्त्रीच्या हुनराला असे मानांकन मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण धडा तोच आहे. काम बदलले तरी हात उपयोगी पडतो आणि नाव लिहिलेले असेल तरच हाताला किंमत येते.

पूर आणि पाना

आपल्या भागाचे एक दुखणे असे की येथे पाणी दरवर्षी येते. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरच्या वाडीत पावसाळ्यात नदी मंदिरात शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोळ तालुक्याने महापूर भोगला. घरे, गुरे, दुकाने यांबरोबर शेकडो वाहने पाण्याखाली गेली. नव्या मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भागांत पाणी गेले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीजवळ जातो आणि विमा कंपनी गाडी निकालात काढते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे तसे नाही. किल्ली न फिरवता प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढले, तेल बदलले, पॉइंट साफ केले, डायनॅमो सुकवला, टाकी धुतली, तर ती गाडी पुष्कळदा पुन्हा बोलते. घाईने किल्ली फिरवली तर मात्र पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि आपल्या उस्तादांच्या बोटांत जास्त आहे. उस्ताद गेले की तेही जाणार.

आम्ही काय सुचवतो?

पहिली गोष्ट, यादी. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या गाडीचे इंजिन, पत्रा, रंग, कुशन, क्रोम, रेडिएटर, वायरिंग यांचे मूळ बरहुकूम काम कोण करतो, त्याची गाववार छापील पुस्तिका काढावी. जातधर्म न पाहता सर्व कारागिरांची नावे त्यात यावीत. चार पानांची निघाली तरी चालेल. एका पोस्टमनला जे जमले ते आपल्या व्यापारी मंडळांना का जमू नये?

दुसरी, कागद. प्रत्येक गाडीचे कामाचे कार्ड ठेवावे. गाडी आली तेव्हाचे फोटो, काय काढले, काय बसवले, कोणता भाग मूळचा, कोणता नवा, किती दिवस लागले, किती मजुरी झाली. गिऱ्हाईक उद्या गाडी विकेल तेव्हा या कार्डामुळे गाडीची किंमत वाढेल आणि कार्डावर नाव मेस्त्रीचे असेल. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला कुरआनने दिली आहे. तिच्यावर अंमल करणारे गॅरेज मात्र शोधावे लागते.

तिसरी, सचोटी. या धंद्यात डुप्लिकेट भाग मूळचा म्हणून विकण्याचा मोह मोठा आहे. इंजिन नंबर, चॅसी नंबर यांत हात घालणे हा तर गुन्हाच. मालातला दोष लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीनेही ते आत्मघाताचे आहे. कारण शौकीन गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा त्या गल्लीत येत नाही आणि दहा जणांना सांगतो.

चौथी, भंगारवाल्या बांधवांना विनंती. जुनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर किलोच्या भावाने तोडण्यापूर्वी एकदा कारागिराला दाखवावी. दाराच्या मुठी, मीटर, दिव्यांच्या कडा, स्टीअरिंग, मूळ चाकझाकण्या यांना लोखंडाच्या भावापेक्षा कितीतरी जास्त भाव येऊ शकतो. मात्र गाडीची कागदपत्रे रीतसर रद्द झाल्याशिवाय एक भागही सुटा करू नये.

पाचवी, नवी पिढी. आपली मुले गॅरेजला कमीपणाचे समजू लागली आहेत. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. त्यांनी वडिलांना तेलकट कपड्यांत उधारी वसूल करताना पाहिले आहे. मुलाला आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स द्यावा आणि सुट्टीत उस्तादाच्या हाताखाली बसवावे. ज्यांनी शाळा न शिकता काम शिकले त्यांना कौशल्य विकास योजनेत परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत मोटार मेकॅनिकचे नाव नाही. ते घालावे म्हणून आपल्या संघटनांनी लोकप्रतिनिधींकडे मागणी लावून धरली पाहिजे. मात्र उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घेण्यापासून कोणी अडवलेले नाही.

काही वाचक म्हणतील, विजेच्या गाड्या येत आहेत, उद्या पेट्रोलचे इंजिनच राहणार नाही, मग या खटाटोपाचा उपयोग काय? आमचे उत्तर असे की, गाडी जितकी दुर्मीळ होईल तितका ती चालवून देणारा हात दुर्मीळ होईल. हे काम सर्वांना पुरणार नाही, हे आम्हालाही मान्य आहे. शंभर गॅरेजांपैकी पाच-दहा यावर उभी राहतील. उरलेल्यांना नवी विद्या शिकावीच लागेल. पण ती पाच-दहा आपल्या भागातली असावीत, पुण्या-मुंबईच्या दलालाच्या हाताखालची नसावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबर होते, बादशाह होते आणि लोखंडाची चिलखते घडवून आपल्या हाताच्या कमाईवर गुजराण करीत होते. लोखंडाचे काम करणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. वाडीच्या मंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधवले अशी परंपरा सांगते आणि लाखो भाविक ती आदराने ऐकतात. बादशहाचे नाव राहिले. दगड घडवणाऱ्या गवंड्यांचे नाव कोणाला सांगता येत नाही. आपल्या मेस्त्रींच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे की नाही, हे आपल्या हातात आहे. येत्या महिन्यात आपल्या गावातील दोन-तीन जुन्या उस्तादांकडे वही-पेन घेऊन जा. त्यांचे नाव, पत्ता आणि त्यांना येणारे काम लिहून घ्या. पहिली पुस्तिका तेथूनच सुरू होईल.